नववीच्या दारातला चर

“बाई, हा इंग्रजीचा तास आहे की बांधकाम?” मुख्याध्यापकांनी पायरीवरूनच विचारलं. खाली चिखल होता आणि त्यांचे बूट नवे होते.

“इंग्रजीचाच, सर. ‘डिग’ चाललंय.” बाईंनी कुदळ थांबवली नाही. नववीचा अख्खा वर्ग घमेली घेऊन उभा होता. वर्गाच्या दारात पाणी तुंबायचं. चर खणून द्या, असं सरांना सांगून सांगून बाई थकल्या होत्या.

नोकरीला लागल्यापासून बाईंचा एकच हट्ट. क्रियापदाचा अर्थ फळ्यावर लिहायचा नाही, हातांनी करायचा. ‘स्वीप’च्या दिवशी वर्ग लखलखायचा, ‘स्पिल’च्या दिवशी शिपाईमामा बोटं मोडायचे. मुलं पाठीमागे त्यांना ‘करून-दाखवा बाई’ म्हणत. बाईंना ते मनातून आवडायचं.

“बांध घालणे किंवा चर खणणे, अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून हा आला असावा म्हणतात,” त्या घाम पुसत सांगत होत्या. “माहिती खणून काढणं, तेही ‘डिग’च. भूतकाळ पूर्वी ‘डिग्ड’ होता. मग लोक ‘डग’ म्हणायला लागले. कुणाची परवानगी नाही घेतली.”

मुलं हसली. सर हसले नाहीत.

“परीक्षेत चर खणायला येत नाही, बाई. तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उद्यापासून नववी नवे सर घेतील, नीट पाठ करून घेतील. तुम्ही ग्रंथालय सांभाळा.”

बाईंना वाईट वाटलं, फारच वाटलं. नववी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण मुलांसमोर डोळे पुसतील तर त्या बाई कसल्या?

“बरं,” त्या म्हणाल्या. “पण आजचा तास अजून संपलेला नाही.”

घंटा झाली तेव्हा चर निम्म्यावर आला होता.

दुसऱ्या दिवशी नववीच्या खिडकीतून सुरात ऐकू येऊ लागलं, डिग, डग, डग. बाहेर बाई एकट्याच खणत होत्या. मुख्याध्यापक तरातरा आले.

“काल काय ठरलं होतं, बाई?”

“ग्रंथालयाचं ठरलं होतं. सकाळीच झाडून ठेवलंय. हा माझा मोकळा तास.”

“अहो, पण वर्ग आता तुमचा नाही.”

“नसू दे. पोरं याच दारातून जातात ना?”

सर बूट सांभाळत बाजूला झाले. बाईंनी शेवटचं ढेकूळ काढलं, आणि तुंबलेलं पाणी हळूहळू फाटकाकडे सरकू लागलं. आतलं घोकणं थांबलं होतं, खिडकीशी डोकी जमली होती. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं. त्या खाली वाकल्या आणि चराच्या कडा हाताने थोपटत राहिल्या.