नाव न लिहिलेली कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जऊळक्याच्या उकंडराव गुरुजींच्या घरी, पुस्तकांच्या फळीवर, खिडकीच्या बाजूला माझी जागा. गेल्या दिवाळीपासून माझ्या बुडाखाली एक निळे आंतरदेशीय पत्र होते. गुरुजी रोज सकाळी ते काढत, वाचत, घडी घालत आणि पुन्हा माझ्याखाली सरकवत. उत्तर मात्र त्यांनी लिहिले नाही. मित्रांनो, त्या पत्राची गोष्ट सांगायची तर मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. ती मला नीट जमेल की नाही, कोण जाणे. आजवर मी फक्त दुसऱ्यांचे बोलणे पुन्हा बोलून दाखवले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका लांब पट्ट्यावरून मी पुढे पुढे सरकत होतो. कोणी माझ्यात मोटर बसवली, कोणी बटणे लावली. शेवटी एका बाईने माझ्यासमोर "एक, दोन, तीन" म्हटले. मी ते जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि तिने मला खोक्यात घातले. माझ्या आत शेजारी शेजारी दोन हेड आहेत. एक फितीवर आवाज उमटवते आणि तो ऐकवते. दुसरे फक्त पुसते. लाल बटण दाबले की आधी जुने पुसले जाते, मग त्यावर नवे उमटते. मी बोलतो हे सगळ्यांना ठाऊक असते. मी पुसतोही, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते.

गुरुजींनी मला अकोल्याहून आणले. तेव्हा ते किन्हीराजाजवळच्या एका तांड्यावर, एका खोलीच्या शाळेत शिकवत. स्वभाव इतका लाजाळू की वर्गात कविता चालीवर म्हणायची त्यांना हिंमत होत नसे. मग ते घरी दार लावून कविता म्हणत, मी ती जपून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकवी. मुले मला पेटी म्हणत आणि मान डोलवत. "गुरुजी, पेटीले म्हना ना, अजून एकडाव!" असा आग्रह होई. गुरुजींचा आवाज गोड आहे हे त्या मुलांना कधी कळलेच नाही. सारे कौतुक माझ्या वाट्याला आले.

त्याच तांड्यावर कमलीबाई राहत असे. बंजारा लग्नात नवरी निरोप घेताना आईच्या, मावशीच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. ते रडणेही असते आणि गाणेही. नवरीला तो आधी थोरल्या बायांकडून शिकावा लागतो. कमलीबाईने कितीतरी नवऱ्यांना तो शिकवला होता. गुरुजी तेव्हा वहीत गाणी उतरवून घेत. त्यांना एक पुस्तक लिहायचे होते. कमलीबाईला विचारायला त्यांनी दोन महिने लावले, आणि शेवटी विचारले ते तिच्या मुलीमार्फत. ती रंजीता, चौथीतली त्यांची विद्यार्थिनी.

"लग्नाबिगर ढावलो?" कमलीबाई म्हणाली. "तांडा म्हनन, बाईचं डोकं फिरलं."

पण रंजीताने हट्ट धरला. मग कमलीबाई माझ्यासमोर बसली. "एक आयका, गुरुजी. माह्यं नाव नका लिहू त्याच्यावर. मशीनच्या गळ्यात पडून रडली म्हंतीन, बाया हासतीन मले."

आधी तिलाच हसू येत होते. मग ती अर्धा तास गायली. शेवटी शेवटी ती कोणासाठी रडत होती ते मला कळले नाही. रंजीता भिंतीला टेकून ऐकत होती. गुरुजींनी ती कॅसेट फळीवर ठेवली आणि तिच्यावर काही लिहिले नाही. त्यांनी शब्द पाळला. मित्रांनो, इतका पाळायला नको होता.

पुढे काळ बदलला. माझ्यावर धूळ बसली, माझ्या बटणांवर कोळ्याने घर केले. गुरुजी निवृत्त झाले. गाण्यांच्या सात वह्या भरल्या, पण कॅसेट आहेच म्हणून ढावलो त्यांत उतरला नाही, आणि पुस्तकही झाले नाही. "पुस्तकं लिहिणारे लोक वेगळेच असतात," असे ते स्वतःशी म्हणत आणि दुसऱ्या कोणाचे तरी पुस्तक उघडून बसत.

मग टाळेबंदी आली आणि गुरुजींची नातवंडे घरी परतली. प्रसेनजित पुण्याहून, त्याची धाकटी बहीण धम्मदीपा अकोल्याच्या कॉलेजातून. दोघे दिवसभर एका लॅपटॉपवर नाचाचे संगीत जुळवत बसत. ढोलाचा ठोका, त्यावर सुरांचे तुकडे, त्यावर आणखी ठोका. आपल्या जोडीला त्यांनी दोघांच्या नावांवरून 'डीपी' असे नाव दिले.

"डीपी म्हने!" त्यांची आजी दुर्गाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "गावातली लाइटाची डीपी चार दिवसापासून जळेल हाये, थे दुरुस्त करा आधी."

खरी अडचण वेगळी होती. त्यांचे संगीत कोणी ऐकतच नव्हते. "लय चकचकीत वाजून राह्यलं, दादा," धम्मदीपा म्हणाली. "धुतलेल्या ताटावानी. कोनाचा हातच लागला नाही असं वाटते." त्यांनी कुठेतरी वाचले होते की असले संगीत जुन्या कॅसेटवर उतरवून परत घेतले की त्याला ऊब येते. म्हणून माझी धूळ पुसली गेली. मला किती आनंद झाला, काय सांगू!

"आबा, एखांदी रिकामी कॅसेट हाये का?" प्रसेनजितने विचारले.

गुरुजी वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. "जिच्यावर नाव नसन ते घ्या," ते म्हणाले.

नाव नसलेली कॅसेट एकच होती. मुलांनी ती माझ्यात घातली, तार जोडली, आपले अर्ध्या तासाचे सगळे संगीत लावले आणि लाल बटण दाबले. फीत फिरू लागली आणि मला कळले. मला बटणे आहेत, पण ती मला दाबता येत नाहीत. माझ्या आतून कमलीबाईचा आवाज जात होता आणि त्याच जागी ढोलाचा ठोका बसत होता. तीस वर्षांत माझे पुसणारे हेड झिजले होते, त्यावर काजळी धरली होती. त्यामुळे पहिल्या वेळी ते पूर्ण पुसू शकले नाही.

मुलांनी फीत मागे घेऊन ऐकली.

"दादा, थांब. ठोक्याच्या खाली कोनी रडून राह्यलं का?"

"जुनं काही राह्यलं असन त्याच्यात." प्रसेनजित कान देऊन ऐकू लागला. "दीपा, हेच पाह्यजे होतं आपल्याले! बंद नको करू."

गुरुजी दारात येऊन उभे राहिले. पुस्तकाच्या पानांत बोट तसेच होते. त्यांनी तो आवाज ओळखला होता. त्यांचे ओठ हलले.

"आबा, आयका ना!" धम्मदीपा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "दोन वर्षांत पयल्यांदा काहीतरी जमलं."

गुरुजींनी ओठ मिटले. मग म्हणाले, "चांगलं हाये."

मुलांनी त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा लॅपटॉपवर घेतला. पण आणखी चांगले जमेल म्हणून फीत मागे नेऊन पुन्हा लाल बटण दाबले. पुन्हा ऐकले. रडणे आता पुसट झाले होते. पुन्हा दाबले. असे सात वेळा. सातव्यांदा ठोक्याखाली काहीच उरले नाही, आणि मुलांनी पहिलाच तुकडा बरा म्हणून ठेवला. गुरुजी सातही वेळा दारातच उभे होते.

ते गाणे चालले, मित्रांनो. टाळेबंदी उठल्यावर आधी जऊळक्यात चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वाजले, मग आसपासच्या गावांतल्या वरातींत, मग लोकांच्या मोबाइलवर. वर्षभरात डीपीला नागपूरहून बोलावणे आले, मग पुण्याहून, मग गोव्याहून. धम्मदीपा मोबाइलवर चित्रे दाखवी. हजारो माणसे हात वर करून उड्या मारत आहेत. मग ठोका एकदम थांबतो, तो दबलेला आवाज एकटाच येतो, आणि सगळे मैदान श्वास रोखून उभे राहते. एका मुलाखतीत कोणी विचारले, हा आवाज कोणाचा? "कोणाचाच नाही," प्रसेनजित हसून म्हणाला. "आमच्या आबांच्या मशीनचा." मग त्यांच्या सदऱ्यांवर माझे चित्र आले. जे माझे नव्हते त्याबद्दल मला पुन्हा एकदा शाबासकी मिळाली.

गुरुजींनी मुलांना काही सांगितले नाही. आधी त्यांचा आनंद मोडेल म्हणून, आणि नंतर उशीर झाला म्हणून.

अशात ते पत्र आले. रंजीता आता पोहरादेवीकडच्या एका तांड्यात नांदत होती. तिने लिहिले होते:

"गुरुजींना नमस्कार. याडी गेली. माझ्या मुलीचे लग्न वैशाखात आहे. तिला ढावलो शिकवायला इकडे कोणी उरले नाही. मला चार ओळी येतात, पुढचे आठवत नाही. उसाच्या कामावर इतकी वर्षे गेली, शिकायचे राहूनच गेले. याडीचा पूर्ण ढावलो तुमच्यापाशी आहे. त्याची नक्कल पाठवा. पोरगी रोज विचारते. तुमची विद्यार्थिनी, रंजीता."

याडी म्हणजे आई.

गुरुजींनी उत्तराला किती वेळा सुरुवात केली, ते मी पाहिले आहे. 'सप्रेम नमस्कार' लिहून कागद फाडत.

"दोन ओळी लिहाले किती दिस लागतात तुमाले?" दुर्गाबाई म्हणे. "नाही म्हना, नाही तं हो म्हना. ते बिचारी वाट पाहून राह्यली असन."

वैशाख आला आणि गेला. ज्येष्ठातल्या एका सकाळी कमलीबाईचा धाकटा भाऊ बाबूसिंग गुरुजींकडे आला. त्याने पाणी घेतले नाही. खाटेच्या कडेवर टेकला.

"गुरुजी, रंजीताची चिठ्ठी भेटली नव्हती का तुमाले?"

"मिळाली होती."

"मंग?"

गुरुजी माझ्याकडे पाहत राहिले.

"नवरी बायांच्या गळ्यात पडली, पन तोंड काही उघडेना तिचं," बाबूसिंग म्हणाला. "रंजीतानं चार ओळी म्हटल्या अन थांबली. बाया एकमेकीच्या तोंडाकडे पाहून राह्यल्या. मंग कोनी म्हटलं, राहू द्या आता, गाडी खोळंबली. मुकीच चढली पोरगी गाडीत. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं." त्याने डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "अन गाडी निंगाली तसं नवरदेवाकडच्या डीजेवाल्यानं तुमच्या नातवायचं गानं लावलं. रंजीता नाचनाऱ्या पोरायमंधी घुसली, बॉक्सले कान लावून उभी राह्यली. 'मामा, याडी हाये याच्यात,' म्हने. सारे हासले, गुरुजी. मी बी हासलो. म्हटलं, पोरगी गेली तं येडी झाली बाई."

"ती वेडी नाही झाली, बाबूसिंग."

"म्हंजे?"

गुरुजींनी माझ्याखालचे पत्र ओढून काढले. "मी लिहितो तिला," एवढेच म्हणाले.

बाबूसिंग उठला. "आता लिहून काय करता? जिले शिकाचं होतं थे तं गेली."

तो गेल्यावर गुरुजींनी मला खाली घेतले आणि ती कॅसेट पहिल्यापासून लावली. अर्धा तास नुसता ठोका. गुरुजी कान लावून बसले होते. शेवटी मुलांचे संगीत संपले, आणि फितीच्या टोकाला, जिथवर मुले पोचलीच नव्हती, कमलीबाई नाक ओढून म्हणाली, "गुरुजी, च्या थंडा झाला ना तुमचा. रंजीता, दुसरा टाक वं." मग खट्. ढावलोचा एक शब्दही नाही. तेवढेच आहे.

त्याच बैठकीत त्यांनी पत्र लिहिले. कागद फाडला नाही. लिहिताना ते पुटपुटत होते, म्हणून मला ठाऊक आहे.

"चि. रंजीता, तू ऐकलेस ते खरे आहे. तो आवाज तुझ्या याडीचाच. रिकामी समजून ती कॅसेट मीच मुलांच्या हाती दिली. पुसले जात असताना मी दारात उभा होतो आणि बोललो नाही. मुलांना हे माहीत नाही. आता त्यांनाही सांगेन. ढावलो उरलेला नाही. तुझ्या मुलीच्या लग्नाआधी हे कळवले असते तर तू दुसऱ्या कोणाला तरी शोधले असतेस. तेवढेही मी केले नाही. शेवटी तिचे एक वाक्य उरले आहे. ते ऐकायला तुझ्याकडे यंत्र नसेल, म्हणून यंत्रही पाठवतो. क्षमा मागायचा अधिकार मला वाटत नाही."

मग त्यांनी मला जुन्या धोतरात गुंडाळले, पोटात कॅसेट, वर पत्र, आणि खोक्यात घालून सुतळीने बांधले. आता मला दिसत नाही. ऐकू येते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचा आवाज जपलेला असेल, तर तो कोणाचा आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि डोळ्यांसमोर काही पुसले जात असेल, तर पहिल्याच वेळी बोला. सातव्या वेळी बोलून उपयोग नसतो. मी यंत्र आहे, मला ओरडता आले नाही. तुम्हाला येते.

पोस्टातल्या बाईने खोके काट्यावर ठेवले. "गुरुजी, काय हाये आत?"

"टेपरेकॉर्डर. जुना."

"चालू का बंद?"

"चालतो. पण ऐकायसारखं फार नाही राहिलं त्यात."

"तांड्यावरचा पत्ता हाये. लोकं कामावर गेले असतीन, घराले कुलूप असन, तं वापस यीन बरं हे."

"येऊ द्या," गुरुजी म्हणाले. "मी पुन्हा पाठवीन."

माझ्या डोक्यावर शिक्का दोनदा आपटला. कोणीतरी मला उचलले, पोत्यात टाकले आणि पोत्याचे तोंड बांधले.