हाणेगावमार्गे बिदर

सुकन्यानं प्रोग्राममधलं ‘नाहीतर’ खोडलं आणि ओळी पुन्हा वाचून पाहिल्या.

देगलूरच्या बसस्थानकात सकाळीच तिनं लॅपटॉप भोंग्याला जोडला होता. गाडी कर्नाटकात जाणारी असेल तर कन्नडमधून पुकारा, नाहीतर तेलंगणात जाणारी असेल तर तेलुगूतून, नाहीतर मराठीतून. घरी कसं झकास चाललं होतं! पण सकाळची बिदर गाडी महाराष्ट्रातल्याच हाणेगावमार्गे होती. पहिलीच अट जुळली, प्रोग्राम कन्नडमधून बोलला आणि गप्प बसला. औराद-बिदरचे लोक चढले. हाणेगावची मंडळी शेंगा सोलत बाकावरच. मग जो कल्ला झाला, तो निस्तरता निस्तरता कंट्रोलर भागवतकाकांचा घसा बसला.

"आता पुढल्या बिदर गाडीला एकाची जरी चुकली," ते म्हणाले, "तर तुझं हे मशीन उचलायचं."

"हाव, काका."

अख्खी सुट्टी तिनं यात घातली होती. कन्नड आवाज आईचा, शिवम्माचा. औरादहून लग्न होऊन आलेली ही बाई चारचौघांत तोंड उघडायची नाही. रेकॉर्डिंगलासुद्धा तिनं दार लावून घेतलं होतं. आज याच पुढल्या गाडीनं माहेरी जायला निघालेली ती समोरच पिशवी घेऊन बसली होती.

सुकन्यानं प्रत्येक अट सुटी केली. कर्नाटकात जाते? कन्नड. वाटेत मराठी गाव आहे? मराठी. एक जुळली म्हणून दुसरी विचारायची राहणार नव्हती.

गाडी फलाटाला लागली. भोंग्यातून शिवम्मा बोलली आणि थांबली. सुकन्या स्क्रीनकडे वाकली. मग तिचा स्वतःचा आवाज आला, "हाणेगावमार्गे बिदर..." आणि शेंगा पदरात गोळा करत हाणेगावकर उठले, ढकलाढकली करत चढले. सुकन्याला तिथंच नाचावंसं वाटलं. जमलं होतं, लई भारी जमलं होतं.

गाडी निघून गेली. भागवतकाका बाकांवरून नजर फिरवत आले आणि थबकले.

"एक जण राहिलंच की."

शिवम्मा भोंग्याकडे तोंड करून बसली होती.

"आई! तुझी गाडी गेली की गं."

"जाऊ दे. ऐकून राहिले होते मी." शिवम्मा सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल अशी बोलली. "पुढल्या गाडीलाबी बोलंल का हे?"

भागवतकाकांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पुढल्याच कशाला, वैनी," ते म्हणाले, "आता रोजच बोलंल."