पाठ केलेली नजर

मी चष्म्याच्या दुकानातली ट्रायल फ्रेम बोलतेय. नंबर काढताना तुमच्या नाकावर जे गोल, जडशीळ ध्यान चढवतात ना, तीच मी. माझी स्वतःची काच एकही नाही. प्रत्येकासाठी वेगळी घालतात आणि काढून घेतात.

माझा मालक लाजाळू. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नाही. माझ्या खाचेत काच सरकवतो आणि "आता? आणि आता?" एवढंच विचारतो. दुपारी दुकान रिकामं असलं की वहीत कथा लिहितो आणि डबा घेऊन आलेल्या बायकोला वाचून दाखवतो.

एकदा ती हसत सुटली. "अहो, कथेत बाई आली की डोळे तळ्यासारखे, पुरुष आला की निखाऱ्यासारखे! दिवसभर डोळेच तपासता ना? एकाचे तरी बघितलेत का?"

मालकाचे कान लाल झाले. मीही गोंधळले. हजारो डोळ्यांपासून मी बोटभर अंतरावर बसलेय. त्यांत तळं कधी दिसलं नाही, हे खरं. पण मग काय दिसलं, तेही मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मालकाचा जुना मित्र आला. तो शाळेची बस चालवतो आणि दरवर्षी नजरेचा दाखला न्यायला येतो.

"चढव तुझं ते लोढणं. फेरी गाठायचीय मला."

त्याने भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता धडाधड वाचला. मालकाने सहीसाठी पेन उघडलं आणि तो थबकला. बायकोचं बोलणं आठवलं असावं. "परत वाच," म्हणत तो वाकला आणि माझ्यात घातलेल्या काचांतून बघत राहिला.

वाचणारे डोळे एका अक्षरावरून दुसऱ्यावर लहान लहान उड्या मारतात. हे हलतच नव्हते. तोंड धावत होतं, डोळे एका जागी उभे होते. ओळ संपली की पापणी लवायची, जणू पाठ म्हणणारा श्वास घेतोय.

मालकाने तक्ता उतरवून दुसरा टांगला. "आता हा."

मित्राचं पहिलंच अक्षर चुकलं.

"कधीपासून पाठ म्हणतोयस?"

"दोन वर्षं. आठच महिने उरलेत रे निवृत्तीला. तू कधी डोळ्यांकडे बघायचा नाहीस. आजच काय झालं?"

"बसमध्ये पोरं असतात रे. मोठ्या दवाखान्यात दाखव, मी येतो बरोबर."

मित्राने मला स्वतःच उतरवलं, टेबलाची कड चाचपून ठेवलं आणि तो निघून गेला. दाखला कोराच राहिला.

मालकाने ते डोळे जसेच्या तसे वहीत उतरवले. बायको वाचताना हसली नाही. "हे खरे आहेत. छापायला पाठवा."

"त्याला न विचारता?"

"मग विचारा."

"कोणत्या तोंडाने?"

वही तशीच खणात पडून आहे. गोष्टी लिहिणाऱ्यांनो, माणसांचे डोळे जरूर बघा. पण बघितल्यावर त्या माणसाला काय सांगायचं, ते कुणाला ठाऊक असेल तर माझ्या मालकालाही सांगा.

मित्र आता रोज पायीच दुकानावरून जातो. आमच्याकडे बघत नाही. की बघतो आणि त्याला आम्ही दिसत नाही, तेच मला कळत नाही.