शेंदराखालची रेघ

मी यारीचा आकडा बोलतो आहे. खोदत्या विहिरीतून दगड-मुरूम वर ओढणारी यारी धुळे जिल्ह्यात कोणाला नवी नाही. तिच्या तारेच्या टोकाला मी लटकतो आणि माझ्यात बादली अडकवतात. माझ्या आधाराने दगड वर येतात आणि माणसे खाली जातात.

मला जळगावच्या एका भट्टीत घडवले. मी लालबुंद होतो तेव्हा माझे अणू एका रचनेत होते. निवताना त्यांनी दुसरी धरली. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि मधोमध एक. अशा अगणित घनांच्या रांगा म्हणजे मी. ही रचना निर्दोष होती, असे मी म्हणणार नाही. कुठे एखादा अणू गैरहजर होता, कुठे एखादी ओळ मध्येच संपलेली. या अर्धवट ओळी सरकतात, म्हणूनच लोखंड आधी वाकते, एकदम तुटत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका थोराड दगडाने माझे तोंड फाकवले. मालक छगन आबांनी मला बदलायला हवे होते. त्यांनी मला ऐरणीवर ठेवून थंडच ठोकले आणि पुन्हा वळवले. प्रत्येक घावाबरोबर अर्धवट ओळी वाढल्या, एकमेकींत अडकल्या, सरकेनाशा झाल्या. मी कडक झालो. आबांना वाटले, मजबूत झालो. आतल्या वळणावर केसाएवढी चीर पडली. दसऱ्याला अवजारांच्या पूजेत तिच्यावर तेलशेंदराचा थर चढला; पुढच्या दसऱ्याला आणखी एक.

आज दुपारी मेघा आपल्या वडिलांचा, लोटनचा, डबा घेऊन आली. लोटन विहिरीत उतरून सुरुंगाची भोके पाडतो. मेघा देवपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकते. माझ्यावरचे घणाचे वण पाहून ती थबकली आणि शेंदूर खरवडू लागली.

"दसराना शेंदूर शे तो, पोरी! नख लावू नको," आबा ओरडले.

लोटन हसला. "खरवडू द्या, आबा. कॉलेजमा जाईसन लोखंडनी डॉक्टरीण व्हयनी ती."

मेघाने मला डिझेल चोपडले, कोरडे पुसले आणि वर खडूची भुकटी लावली. थोड्या वेळाने पांढऱ्यावर काळपट रेघ उमटली.

"नाना," ती बापाला म्हणाली, "ही चीर आहे. आत मुरलेलं डिझेल बाहेर येतंय. बादलीत बसू नका."

आबांनी अंगठा फिरवला. रेघ नाहीशी झाली. "पुसाई गई ना? चीर कधी पुसास का?"

लोटनला ते पटले. हात धुऊन त्याने मला नमस्कार केला आणि एक पाय बादलीत टाकला. खाली साठ फूट पोकळी आहे. आबा इंजिनाकडे निघाले आहेत.

लोटनच्या भाराने माझी चीर उघडते आहे. खडूवर रेघ परत येते आहे, मघापेक्षा लांब. मी नेमका केव्हा तुटेन, हे मलाही सांगता येत नाही. कदाचित शंभर फेऱ्यांनी, कदाचित याच फेरीत.

मेघा, आता आबांशी वाद घालू नकोस. लोटनचा दुसरा पाय अजून काठावर आहे. आधी बापाचा दंड धर.