दुसरीच्या खिडकीबाहेरचा टोल

मित्रांनो, मी एक जुना टोल आहे. म्हणजे खरे तर रेल्वेच्या रुळाचा हातभर लांबीचा तुकडा. भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गाच्या खिडकीबाहेर, व्हरांड्यात साखळीने टांगलेला.

भट्टीतले दिवस मला आठवत नाहीत. रुळाचे काम संपल्यावर मला कापले, वर भोक पाडले आणि इथे आणले. तेव्हापासून शाळेचे शिपाई काशीनाथमामा मला हातोडीने वाजवत आले. मामा उत्तनजवळच्या चौक गावचे, कोळ्यांच्या घरातले. त्यांचा हात जड. टोल पार बाजारात ऐकू येतो, असे लोक म्हणत. एका स्नेहसंमेलनात मामांबरोबर माझेही कौतुक झाले. मला त्याचे काही वाटले नाही. रोज ठोके खाऊन लोखंड आतून बधिर होते.

गेल्या वर्षी जूनमध्ये दुसरीत मानसी आली. तिचे वडील धम्मपाल भाईंदर पूर्वेला भांड्यांच्या कारखान्यात कामाला, आई सरोजा घरी शिवणकाम करणारी. मानसी फार कमी बोलायची. गणिते झरझर सोडवायची आणि उरलेल्या वेळात समासात पंख्याची पाती काढत बसायची. पण दिवसातून दोन-तीनदा तिचे बिनसायचे. ती किंचाळायची, बाकाखाली शिरायची, जवळ येईल त्याला ओरबाडायची. वर्गशिक्षिका सुचेताबाईंनी तिला रागावून पाहिले, चॉकलेट देऊन पाहिले. मग नजरेसमोर राहावी म्हणून पहिल्या बाकावर बसवले. तो बाक माझ्याच खिडकीला लागून होता. बिनसणे वाढले.

ऑगस्टमध्ये पिंकी नावाची मुलगी तिला बाकाखालून ओढायला गेली आणि मानसी तिच्या हाताला कडकडून चावली. दुसऱ्या दिवशी पिंकीची आई लक्ष्मीताई शाळेत आली आणि व्हरांड्यातच मुख्याध्यापकांशी बोलली.

"सर, माझ्या पोरीच्या हातावर चार दात उमटलेत. त्या मुलीचं वाईट व्हावं असं नाय मला वाटत. पण दोघी एका वर्गात नकोत."

तिचे काही चुकत नव्हते. आणखी पाच पालकांनी तक्रारीवर सह्या केल्या. मुख्याध्यापकांनी मानसीच्या आईवडलांना बोलावले आणि हळू आवाजात सांगितले की अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात. कुठे, असे सरोजाताईंनी विचारले. चौकशी करावी लागेल, असे उत्तर मिळाले. धम्मपालांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज लिहून दिला.

सुचेताबाईंनी मुख्याध्यापक सरांकडे आठ दिवस मागून घेतले. त्या दिवसांत त्यांनी मानसीला रागावणे सोडले. तिचे कधी बिनसते आणि त्याआधी काय घडलेले असते, एवढेच त्या वहीत लिहीत गेल्या. मग ती वही घेऊन त्या मामांकडे आल्या. जवळजवळ प्रत्येक नोंद टोलाच्या आसपासची होती. काही मुलांच्या कानांना आवाज आपल्यापेक्षा कितीतरी मोठा लागतो, असे त्यांनी मामांना समजावले आणि टोल बंद ठेवायची विनंती केली.

मामांचा चेहरा उतरला. "बाई, तीस वर्सं वाजवतोय. एक पोरगी घाबरते म्हणून अख्खी शाळा मुकी करायची? न्हाय जमनार."

बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी त्यांनी मामांना वर्गात मागे बसवले. हातोडी सरांनी घेतली.

मी प्रथमच त्या खिडकीतून आत नीट पाहिले. मानसी गणित सोडवत होती. मध्येच तिची पेन्सिल थांबली. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागली. मग तिने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. बोटे पांढरी पडली. तिला कोणी काही केले नव्हते. पाच मिनिटे ती माझीच वाट पाहत होती. सरांनी ठोका मारला आणि ती कान दाबून बाकाखाली गेली.

मला काही वाटले नाही. वाटायला हवे होते, एवढे मात्र कळले.

मामा बाहेर आले. सरांच्या हातातून हातोडी घेऊन त्यांनी ती कपाटात ठेवली. "उद्यापासून मी वर्गावर्गात जाऊन सांगनार," एवढेच ते म्हणाले.

पहिला आठवडा गोंधळाचा गेला. तिसरीचा तास लांबला, पाचवीची खिचडी गार झाली, शिक्षक कुरकुरले. बाईंनी मानसीच्या बाकावर चित्रे चिकटवली: गणित, खिचडी, खेळ, घर. मामा दारात येऊन हात वर करीत आणि ती पुढच्या चित्रावर बोट ठेवी. वर्गाच्या कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा लावून तिच्यासाठी शांत बसायची जागाही केली.

ती लगेच शहाणी झाली, असे नाही. दिवाळीआधी रस्त्यावर कोणीतरी फटाका फोडला आणि तिने पाटी फेकली. पण त्या दिवशी पिंकीने तिला ओढले नाही. दोन पावले मागे सरून ती म्हणाली, "बाई, तिला पडद्यामागे जायचंय."

जानेवारीत सरोजाताई आल्या आणि दाखल्याचा अर्ज परत मागितला. सरांनी तो हातात दिला. त्यांनी व्हरांड्याच्या पायरीवर बसून तो कागद फाडला.

मी अजून तिथेच टांगलेला आहे. गंज चढतो आहे. मला पुन्हा वाजवा किंवा माझा गंज पुसा, असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, एवढेच मागतो. तुमच्या वर्गात एखादे मूल ओरडले, चावले, तर त्याला वाईट म्हणण्याआधी त्याची आधीची पाच मिनिटे नीट पाहा. मानसीच्या आधी त्या खिडकीजवळ बसून कितीजणांनी कान झाकले असतील? मला माहीत नाही. मी वाजत होतो.