हिरव्या देठांची ओळ

आबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते डाळिंबं तोडत होते आणि मी टोपली धरून मागे चालत होते. विहिरीजवळची झाडं आटोपून आम्ही बांधाकडच्या ओळीशी आलो. त्या ओळीतली अकराही झाडं पांढऱ्या दाण्यांची. वाटूरच्या बाजारात ती फळं कुणी घेत नसे.

बांधापलीकडून भुजंगकाका म्हणाले, "रखमाजी, ही झाडं जळणाला बरी हायेत. का लेक शिकवती त्या शाळेत वाटायचीत?"

"माणसं लाल दाणंच मागतेत, त्याला झाडानं काय करावं," आबा म्हणाले.

ती ओळ का आहे, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी आबांनी एका लालभडक डाळिंबाचं बी टाकलं होतं. रोपं वीतभर झाली, तेव्हा लालसर देठाची ठेवून ते हिरव्या देठाची रोपं उपटू लागले.

"ह्यांचं फळ पांढरं निघंल."

मी नुकतीच मॅट्रिक होऊन औरंगाबादेहून आले होते. एकाच फळाचं बी, देठावरून दाण्याचा रंग कसा कळेल, असं म्हणून मी हसले. आबांनी हातातलं रोप परत मातीत ठेवलं.

"बाई शिकलेली हाये. तिला बराबर ठावं असंल."

त्यांनी सगळी रोपं लावली. फक्त हिरव्या देठाची वेगळी, बांधाकडे.

पुढे मी एका पुस्तकात वाचलं, की देठाला आणि दाण्याला लाली देणारं कारण एकच असतं. आणि ते नसलेलं रोप लाल फळाच्या पोटीही येतं, चारात एखादं. ते पुस्तक या खेपेला माझ्या पिशवीत होतं.

त्या दिवशी आबांनी एक पांढरं डाळिंब फोडून माझ्या हातावर दाणे टाकले. "खाय. लालपेक्षा गोड हाये."

मी खाल्ले. खरंच गोड होते. पुस्तकाचं संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी वाटलं, उद्या. पहाटे बैलांना वैरण टाकताना आबा कोसळले, ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर माझा भाऊ बद्रीनाथ कुऱ्हाड घेऊन बांधाकडे निघाला. मी मागोमाग गेले.

"ह्या ओळीत आबांचा अंदाज चुकला बघ," तो म्हणाला.

"चुकला नव्हता."

त्यानं कुऱ्हाड खाली टेकवली. मी मात्र झाडांकडे बघत होते.

"आबा," मी म्हणाले, "तुमचं बराबर होतं. माझंच चुकलं."