नासेलेच्या खडकावरची सेनिकाऊ

मी सेनिकाऊ बोट बोलतेय. नासेले गावासमोरच्या प्रवाळखडकावर मी अशी एका कुशीवर कललेली दिसतेय, म्हणून मला भंगार समजू नका. फिजीच्या या पूर्वेकडच्या बेटांवर माझा भोंगा वाजला की माणसं भरल्या ताटावरून उठून धक्क्यावर यायची.

माझा जन्म जपानमधल्या एका गोदीतला. तिथे म्हातारी झाले म्हणून विकली गेले आणि इथे येऊन पुन्हा तरुण झाले. इथल्या लोकांनी माझं नाव सेनिकाऊ ठेवलं. सेनिकाऊ म्हणजे फूल. सुकं खोबरं, गाद्या, चर्चमधली गाणारी मंडळी, नव्या नवऱ्या, सगळं मी वाहिलं. एक बाई तर माझ्या डेकवरच बाळंत झाली आणि तिनं मुलीला माझंच नाव दिलं. आहे का कुठल्या विमानाचं असं भाग्य?

माझे मालक इसिकेली, राजधानी सुव्यात राहणारे. माणूस तोंडाचा फार गोड. माझं इंजिन धापा टाकायला लागलं तेव्हा कप्तान वाटिसोनी त्यांना म्हणाले, "मालक, हिला गोदीत न्यायलाच हवं."

"अहो, एवढी एक फेरी होऊ द्या की!" मालक हसून म्हणाले.

असं प्रत्येक फेरीला व्हायचं. शेवटी एका सकाळी इथेच इंजिनानं मान टाकली आणि भरतीनं मला खडकावर चढवलं. नासेलेच्या लोकांनी होड्या घालून सगळ्यांना सुखरूप उतरवलं. माझ्या पोटातलं तेल मात्र तसंच राहिलं.

या खडकावर अख्खं गाव जेवतं. ओहोटी लागली की बायका गुडघाभर पाण्यात उतरून मासे आणि शिंपल्या गोळा करतात. त्यांच्यात सगळ्यांत पुढे लितिया. ती माझ्या पोटावर थाप मारून म्हणायची, "बाई गं, फुटू नकोस हं! तू फुटलीस तर आम्ही काय खायचं, तुझं तेल?"

मी जीव मुठीत धरून लाटा सोसल्या. गंजले, पण फुटले नाही. हे काम मी प्रवासी वाहण्याइतकंच चोख केलं, असं मी छातीठोकपणे सांगते.

कायदा सरळ आहे. ज्याची बोट अडकली, त्यानंच तेल उपसायचं आणि त्यानंच बोट काढून न्यायची. सुव्याहून एक अधिकारी येऊन तसं बजावूनही गेला. त्यानंतर इसिकेली आले. पण मला ओढून न्यायला टगबोट घेऊन नव्हे, ताम्बुआ घेऊन.

ताम्बुआ म्हणजे देवमाशाचा दात. आमच्याकडे मोठी चूक झाली की तो दोन्ही हातांवर धरून माफी मागायची. समोरच्यानं घेतला की भांडण मिटलं. तो नाकारणं म्हणजे मोठा अपमान. इसिकेलींनी चटया मुद्दाम किनाऱ्यावर, माझ्यासमोरच घालायला लावल्या. मान खाली घालून ते म्हणाले, "माझी चूक झाली, पदरात घ्या. आणि ही बोट आजपासून गावाला भेट. पत्रे घ्या, लोखंड घ्या, सगळं तुमचंच."

गाव हरखलं. कुणाला शाळेचं छप्पर दिसायला लागलं, कुणाला डुकरांचा गोठा. मी गावाची झाले की माझ्या पोटातलं तेलही गावाचं आणि मला काढायची जबाबदारीही गावाच्याच गळ्यात, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझा भोंगा केव्हाच मुका झाला होता.

गावाच्या मुखियाच्या वतीनं बोलायचा मान पेनायाचा. त्यानं दात घेतला, रीतीप्रमाणे हुंगला आणि स्वीकाराचे शब्द उच्चारायला तोंड उघडलं.

"ए पेनाया, मीट तोंड! माशी जाईल!" बायकांच्या रांगेतून लितिया ओरडली.

अशा विधीत मध्ये बोलायची कुणाची छाती होत नाही. पण लितिया पेनायाची मामेबहीण, आणि आते-मामे भावंडांना एकमेकांची टर उडवायची आमच्याकडे कुठेही मुभा असते. ती मुभा तिनं बरोबर साधली. लोक खुसखुसले.

"आता काय गं?" पेनाया वैतागला.

"तुझं डुक्कर माझ्या अळवात घुसलं होतं. तू मानाच्या पेयाची, यांगोनाची मुळं घेऊन माफी मागायला आलास. मी घेतली की नाही?"

"घेतलीस."

"मग डुक्कर कुणी नेलं?"

"मीच नेलं. माझंच होतं ना ते!"

"मग तेव्हा का नाही म्हणालास, लितिये, डुक्कर तुलाच भेट, आता बाहेर ओढायचं तूच बघ म्हणून?"

सगळा किनारा हसला, फक्त इसिकेली सोडून. मग लितिया त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "दादा, माफी आम्ही मनापासून घेतो. बोट तुमची आहे. ती तुम्ही घेऊन जा."

पेनायानं तेच शब्द विधीच्या भाषेत उच्चारले. दात गावानं घेतला, बोट घेतली नाही.

मला डुक्कर म्हटल्याचा राग आला, खोटं कशाला सांगू? पण खडकावर चढल्यापासून मी कुणाची तरी आहे, असं त्या बाईनंच पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितलं. रागापेक्षा अभिमानच जास्त वाटला.

पुढे इसिकेलींनी कोर्टातही सांगून पाहिलं, की बोट मी देऊन टाकली. न्यायाधीशांनी विचारलं, "घेतली कुणी?" आणि तेल उपसून बोट काढून न्यायचा हुकूम इसिकेलींनाच दिला.

आता माझ्या पोटातलं तेल उपसून झालंय, खाली पाणी स्वच्छ आहे आणि समोर टगबोट उभी आहे. मला तोडायला नेतायत, हे मला ठाऊक आहे. त्याची भीती नाही. मालकांनो, एवढंच मागणं आहे, कमावती असताना जिला मिरवलंत, ती अडकल्यावर तिला ओळख द्या.

दोर बांधून झालाय. टगबोटीचा कप्तान ओरडून विचारतोय, "मालक कोण? त्यानं सांगितल्याशिवाय मी ओढणार नाही!"

इसिकेली पाण्यात उभे आहेत. किनाऱ्यावर सगळं गाव जमलंय.

"बोट माझी आहे," ते पुटपुटतात.

"ऐकू आलं नाही!"

"माझी आहे!" ते सगळ्यांदेखत ओरडतात. "सेनिकाऊ माझी आहे! ओढा!"

दोर ताणला जातोय. येते मी.